हार्मोनची गोळी पाच वर्षं: लेट्रोझोल, टॅमॉक्सिफेन आणि घरोघरचे प्रश्न

मोगरा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधलं, पण नेमकं या विषयावर काही सापडलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय.

माझी आई ५९ वर्षांची. डाव्या स्तनात गाठ निघाली, परळला टाटाला ऑपरेशन झालं. काखेतल्या दोन गाठींतही रोग होता, म्हणून पुढे कीमो आणि मग लाईट (रेडिएशन). हे सगळं तिने हूं की चूं न करता पार पाडलं. डोंबिवली-परळ वाऱ्या, केस जाणं, तोंड येणं, कशाचीच तक्रार नाही. आणि आता रोज रात्री घ्यायच्या एका एवढ्याशा गोळीपाशी अडून बसलीय. लेट्रोझोल, २.५ मिलिग्रॅम. निदान पाच वर्षं घ्या असं सांगितलंय.

सकाळी उठली की बोटं वळत नाहीत. पोळ्या लाटायला घेतल्या की मनगट धरतं. जिना उतरताना कठडा सोडत नाही. त्यात आमची मावशी म्हणाली, "हार्मोनच्या गोळ्यांनीच तर कॅन्सर होतो, आणि तुला त्याच देतायत?" तेव्हापासून आई गोळी कधी घेते, कधी नाही. परवा पाकीट पाहिलं तर बऱ्याच गोळ्या तशाच.

दुसरं म्हणजे, माझी मामेबहीण लालबागला असते, वय ४१. तिचाही रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा रोग. पण तिला टॅमॉक्सिफेन आणि दर महिन्याला पोटात एक इंजेक्शन. रोग एकच तर औषधं वेगळी का? आई म्हणते, "तिचे डॉक्टर जास्त हुशार असतील." मला आईशी भांडायचं नाहीये. तिला नीट सांगता येईल इतकं आधी मला कळायला हवंय.

डॉक_मुलुंड

मोगरा, मी कर्करोग विभागातच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आईंच्या बाबतीतला निर्णय अर्थात ज्यांच्याकडे त्यांची फाईल आहे त्या डॉक्टरांचाच.

आधी मावशींचा मुद्दा. पाळी गेल्यावर अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही म्हणून काही बायकांना इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातलं मुख्य हार्मोन) असलेल्या गोळ्या देतात. मावशी बहुतेक त्यांच्याबद्दल ऐकून आहेत, आणि तसल्या गोळ्या आईंना चालणार नाहीत हे खरंच आहे. लेट्रोझोलचं काम बरोबर उलटं. ते शरीरात इस्ट्रोजेन बनूच देत नाही.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीची आयएचसी नावाची तपासणी होते. कर्करोगाच्या पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे ते येऊन बसतं ती जागा, आहे का ते त्यात बघतात. एक टक्का पेशींत जरी सापडला तरी रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह येतं. काही लॅब ० ते ८ असा ऑलरेड स्कोअरही देतात, आकडा जितका मोठा तितका या गोळ्यांचा उपयोग होण्याचा संभव जास्त. अशा पेशी वाढायला इस्ट्रोजेन वापरतात. ते त्यांना मिळू नये, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप.

आता दोघींची औषधं वेगळी का. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयात बनतं. पाळी गेली की अंडाशय थांबतं, पण इस्ट्रोजेन पूर्ण संपत नाही. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून अँड्रोजेन्स येतात आणि चरबीत, स्नायूंत त्यांचं इस्ट्रोजेन होतं. हा बदल घडवणारं एन्झाइम म्हणजे अरोमाटेज. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन ही तिन्ही औषधं त्या एन्झाइमला बंद पाडतात. आईंची पाळी गेलेली आहे, म्हणून त्यांना हे पुरतं.

मामेबहिणीला नुसतं लेट्रोझोल दिलं असतं तर फायदा झाला नसता, उलट अडचण झाली असती. अंडाशय चालू असताना इस्ट्रोजेन घटलं की मेंदू ते ओळखतो आणि अंडाशयाला आणखी कामाला लावतो. याच गुणामुळे मूल होत नसलेल्या बायकांना अंडं तयार व्हावं म्हणून हेच लेट्रोझोल देतात. (त्या वापरावर आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. तेव्हा दुकानात "ही तर मूल होण्याची गोळी" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका.)

टॅमॉक्सिफेनची रीत निराळी. लोकलमध्ये सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं ते रिसेप्टरवर आधीच जाऊन बसतं. इस्ट्रोजेन रक्तात फिरत राहतं, पण त्याला टेकायला जागा मिळत नाही. म्हणून ते पाळी चालू असलेल्या बाईलाही चालतं. पोटातलं इंजेक्शन बहुधा गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइड असेल. त्याने अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवलं जातं. वय कमी असेल, कीमो द्यावी लागण्याइतका रोग असेल तर हे इंजेक्शन जोडल्याचा फायदा होतो हे मोठ्या चाचण्यांतून दिसलंय. तेव्हा दोघींचेही डॉक्टर हुशार आहेत, आईंना सांगा.

एक सावधगिरी सगळ्यांसाठीच. कीमोमध्ये चाळिशीतल्या बायकांची पाळी थांबते. ती कायमची गेली असं धरून कुणी नुसतं लेट्रोझोल सुरू केलं असेल तर रक्तातलं एफएसएच (मेंदूकडून अंडाशयाला कामाला लावणारं हार्मोन) आणि इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच प्रकार) तपासलंय का ते विचारा. काहींची पाळी महिन्यांनी परत येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ईआर पॉझिटिव्ह रोग पहिल्या दोन-तीन वर्षांत गप्प बसला म्हणजे गेला, असं नसतं. तो उशिरा उलटतो. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एक मोठं विश्लेषण आलं. त्यात पाच वर्षं गोळी घेऊन तोवर रोगमुक्त राहिलेल्या बायका होत्या. पुढच्या पंधरा वर्षांत, म्हणजे निदानापासून विसाव्या वर्षापर्यंत, रोग शरीरात दुसरीकडे उलटण्याचं प्रमाण लहान गाठ आणि स्वच्छ काख असलेल्यांत १३ टक्के होतं. गाठ मोठी आणि काखेतल्या ४ ते ९ गाठींत रोग असेल तर ४१ टक्के. गोळी पूर्ण घेतलेल्यांची ही गत, तर मध्येच सोडलेल्यांचं काय ते ओळखा.

फायद्याची बाजूही तितकीच ठोस आहे. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचं प्रमाण पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने घटतं. पाळी गेलेल्या बायकांत लेट्रोझोलच्या गटातली औषधं टॅमॉक्सिफेनच्याही पुढे जाऊन ते दहा वर्षांत आणखी सुमारे १५ टक्क्यांनी कमी करतात. कीमोची भीती वाटते, म्हणून ती मोठी वाटते. पण बऱ्याच ईआर पॉझिटिव्ह बायकांच्या बाबतीत जीव वाचवण्यात या गोळीचा वाटा कीमोपेक्षा जास्त असतो.

आणि आईंची बोटं खरंच दुखतायत. ते मनाचे खेळ नाहीत, या औषधाचा तो ठरलेला त्रास आहे आणि त्यावर उपाय आहेत. डॉक्टरांना सांगितलंय का त्यांनी?

मोगरा_डोंबिवली

नाही ना! तीच तर गंमत... गंमत कसली, दुःख. ओपीडीत एवढी गर्दी असते, आपला नंबर येतो तेव्हा आई म्हणते, "सगळं छान आहे." बाहेर आलं की पायऱ्यांवर बसते.

गिरगावची_लेक

मोगरा, आईला रागावू नकोस गं. मी अडतिसाव्या वर्षापासून टॅमॉक्सिफेनवर आहे, त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते मला थोडं कळतं.

कीमो संपली की सगळं घर म्हणतं, सुटलीस. केस येतात, माणसं भेटायला यायची थांबतात, ऑफिस सुरू होतं. आणि रोज रात्री ती गोळी हातात घेतली की पुन्हा आठवण. कीमोत आपण आजारी असतो, त्यामुळे त्रास झाला तर कुणाला नवल वाटत नाही. गोळीच्या काळात आपण बऱ्या असतो म्हणे, आणि तरी घामाने झोप मोडते, चिडचिड होते, वजन वाढतं. हे बोलायला जागाच नसते. "एक गोळी तर आहे" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता घरात ते कुणाला बोलू देत नाही.

अंगातून वाफा येणं काय असतं ते चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात मे महिन्यात अनुभवावं. छातीतून कानापर्यंत आग चढते, मिनिटभरात कपडे ओले, आणि मग एसीत गेलं की हुडहुडी. मला उपयोगी पडलेलं सांगते: सुती कपडे, पर्समध्ये एक जादा कुर्ता, संध्याकाळी तिखट आणि चहा कमी, गोळीची वेळ सकाळची करून पाहणं. एवढ्याने भागलं नाही तेव्हा डॉक्टरांनी वेनलाफॅक्सिन (एरवी नैराश्यासाठी देतात ते औषध) कमी मात्रेत दिलं. त्याने झोप परत आली. झोप आली की निम्मं जग सुधारतं.

आणखी एक, मामेबहिणीसाठी. टॅमॉक्सिफेनवर पाळी चुकली किंवा बंद झाली तरी दिवस राहू शकतात, आणि या औषधाने गर्भाला धोका असतो. गर्भनिरोधक गोळ्या आपल्याला वर्ज्य. निरोध किंवा साधी तांब्याची कॉपर-टी. हे मला पहिल्या वर्षभरात कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी भेटेल तिला सांगते.

आजीचा_बटवा

माहितीपूर्ण धागा. माझ्या जावेलाही लेट्रोझोल चालू आहे. तिला मी हळदीच्या कॅप्सूल, शतावरी कल्प आणि सोयाबीनचं पीठ द्यावं म्हणते. नैसर्गिक आहे, अपाय नाही. चालेल ना?

औषधपेढी_दादर

आजी, तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. मी फार्मासिस्ट आहे, दुकानात हे रोज विचारतात.

हळद: भाजी-आमटीतली बिनधास्त. कॅप्सूल नको, विशेषतः टॅमॉक्सिफेन चालू असेल तर मुळीच नको. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृत त्याचं एंडॉक्सिफेन करतं आणि खरं काम ते करतं. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये तपासलं तेव्हा कर्क्युमिनच्या कॅप्सूल, त्यातही मिरीचा अर्क घातलेल्या, घेतल्यावर रक्तातलं एंडॉक्सिफेन कमी झालेलं दिसलं. म्हणजे औषध घेऊनही पूर्ण न घेतल्यासारखं.

सोयाबीन: जेवणात असतं तेवढं, दूध, टोफू, वड्या, चालतं. सोयाच्या अर्काच्या गोळ्या टाळा.

शतावरी: तिच्यात इस्ट्रोजेनसारखं वागू शकणारी द्रव्यं आहेत. जे अडवायला औषध देतोय त्याच्याच जवळचं काही वरून का द्यायचं? मी देत नाही. आयुर्वेदावर राग नाही, या एका आजारात हे एक नको.

आणि टॅमॉक्सिफेनवाल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा: ज्या यकृतातल्या एन्झाइमने, सीवायपी-टू-डी-सिक्सने, एंडॉक्सिफेन बनतं त्यालाच पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची औषधं आणि सिगारेट सुटावी म्हणून देतात ते ब्युप्रोपिऑन अडवतात. मनोविकारतज्ज्ञाकडे गेलात तर टॅमॉक्सिफेनचं नाव आधी सांगा. वर लेकीने लिहिलेलं वेनलाफॅक्सिन म्हणूनच देतात, ते त्या वाटेत फारसं येत नाही.

पैशांचंही लिहितो, कारण संकोचाने कुणी विचारत नाही. टॅमॉक्सिफेन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. जेनेरिक घेतलं तर गुण कमी येत नाही, औषध तेच. जनऔषधी केंद्रात विचारा, हॉस्पिटलच्या स्वतःच्या दुकानातही विचारा, काही ठिकाणी बाहेरच्यापेक्षा बरंच स्वस्त मिळतं. कंपनी बदलली, गोळीचा रंग बदलला की आजी-काकू गोंधळतात आणि दोन्ही पाकिटांतली एकेक घेतात. नाव आणि मिलिग्रॅम वाचून मोठ्या अक्षरांत पाकिटावर लिहून द्या.

आजीचा_बटवा

शतावरी आजच कपाटात वर ठेवली. जावेला फोन करते.

वसईचा_मुलगा

इथे पुरुषांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना, वय ६६, स्तनाचा कर्करोग झाला. बोंडाजवळ कडक गाठ होती, वर्षभर "चरबीची असेल" म्हणत राहिले. एकूण रुग्णांत पुरुष सुमारे एक टक्का, त्यामुळे डोक्यातच येत नाही. पुरुषांतला बहुतेक रोग ईआर पॉझिटिव्ह असतो आणि औषध तेच, टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम.

बाबांना त्रास गोळीचा कमी आणि लाजेचा जास्त झाला. औषधाच्या दुकानात "मिसेससाठी का?" विचारलं की ते मान हलवायचे. गोळ्या आता मी आणतो. त्यांच्या पायाची पोटरी एकदा एकाच बाजूने सुजली होती, डॉक्टरांनी लगेच डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करायला लावलं. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो म्हणे. एक पाय सुजला, दुखला किंवा अचानक दम लागला तर उद्यावर टाकू नका, एवढं सगळ्यांना सांगायचं होतं.

डॉक_मुलुंड

वसईचा_मुलगा, लिहिलंत ते फार बरं केलंत. गुठळीचं अगदी खरं. लांबच्या प्रवासात मध्येमध्ये उठून चालायचं, आणि दुसरं कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी गुडघ्याचं, तरी टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांगायचं.

टॅमॉक्सिफेनबद्दल आणखी एक. ते स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण गर्भाशयात थोडंफार इस्ट्रोजेनसारखंच वागतं. त्यामुळे पाळी गेलेल्या बाईला पुन्हा डाग दिसला, एकदाच दिसला तरी, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अशा बायकांत थोडा वाढतो. लवकर कळला तर बरा होतो.

चालतंय_ना

मी फिजिओथेरपिस्ट, ठाणे. मोगरा, आईंच्या सांध्यांसाठी.

लेट्रोझोलच्या दुखण्याची एक ओळख आहे: सकाळी जास्त, बसून उठताना जास्त, आणि हालचाल सुरू झाली की कमी. म्हणजे आराम केल्याने ते वाढतं. घरचे मात्र प्रेमाने म्हणतात, "तू बस, मी करते." तिथेच चुकतं.

सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडझाप. मग दिवसातून एकदा सलग चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आठवड्यात एकूण अडीच तास व्हायला हवेत. आणि दोन दिवस वजनाचे व्यायाम. वजन म्हणजे जिम नको, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, खुर्चीतून हात न टेकता उठणं, भिंतीला टेकून ढकलणं. अमेरिकेत या गोळ्यांवरच्या बायकांवर वर्षभराची चाचणी झाली होती, त्यात असा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं स्पष्ट कमी झालं. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने वजन उचलायचं नाही हा समज जुना. हळूहळू वाढवत उचलायचं, हात सुजला तर दाखवायचं.

डोंबिवलीच्या जिन्यांचं मला ठाऊक आहे. रेल्वेने जाताना लोकलच्या दिव्यांग डब्यात कर्करुग्णांना बसता येतं, दाखला जवळ ठेवा. गर्दीत लटकून गेल्यावर सांधे काय म्हणणार!

अनामिका_०९

खूप दिवस वाचतेय, आज धीर करून लिहिते. लेट्रोझोल सुरू झाल्यापासून खालची जागा इतकी कोरडी झालीय की नवऱ्याजवळ जाणं नकोसं वाटतं. लघवीलाही आग होते. तो समजूतदार आहे, पण मी त्याला टाळते आणि मग रडते. डॉक्टर पुरुष आहेत, कसं सांगू?

गिरगावची_लेक

अनामिका, इथे लिहिलंस, तेव्हा अर्धा धीर झालाय. ओपीडीत नर्स किंवा समुपदेशक ताई असतात, त्यांना सांग, किंवा चिठ्ठीवर लिहून फाईलमध्ये ठेव. मी तसंच केलं होतं. डॉक्टरांनी वाचलं आणि जराही न अवघडता उपाय सांगितला.

डॉक_मुलुंड

हा त्रास निम्म्याहून जास्त बायकांना होतो असं मला रोजच्या कामात दिसतं, आणि सांगते एखादीच. हार्मोन नसलेली योनीत लावायची मॉइश्चरायझर मिळतात, ती संबंधाच्या दिवशीच नव्हे तर आठवड्यातून दोन-तीनदा नियमित लावायची. संबंधाच्या वेळी पाण्यात विरघळणारं ल्युब्रिकंट. निरोध वापरत असाल तर त्यासोबत खोबरेल तेल नको, त्याने तो फाटतो. इस्ट्रोजेनचं क्रीम स्वतःहून दुकानातून आणू नका, लेट्रोझोल चालू असताना तो निर्णय ऑन्कॉलॉजिस्टबरोबरच (कर्करोगतज्ज्ञ). लघवीची आग मात्र तपासून घ्या, जंतुसंसर्ग असेल तर औषध वेगळं.

जुनी_पानं

थोडा इतिहास, कारण तो वाचून मला स्वतःला फार आधार वाटला.

१८९६ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीट्सन यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं की वाढलेला स्तनाचा कर्करोग अंडाशय काढल्यावर ओसरला. इस्ट्रोजेन हे हार्मोन तेव्हा सापडलेलंही नव्हतं. रिसेप्टर तर शिकागोत एलवूड जेन्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शोधला. तोपर्यंत डॉक्टर अंदाजानेच अंडाशय काढत होते. काहींना गुण येई, काहींना नाही, आणि का ते कुणालाच कळत नसे.

टॅमॉक्सिफेन १९६२ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी बनवलं. शोध चालला होता गर्भनिरोधकाचा. उंदरांत ते लागू पडलं, बायकांत मात्र उलट अंडं सुटायला मदत झाली. औषध अडगळीत जाणार होतं. पुढे ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये आणि अमेरिकेत १९७७ मध्ये ते स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झालं. ते केवळ शेवटच्या टप्प्यात न देता ऑपरेशननंतर रोग परतू नये म्हणून दीर्घकाळ द्यावं, हा विचार क्रेग जॉर्डन यांनी नेटाने मांडला. २०२४ मध्ये ते गेले. नापास झालेल्या गर्भनिरोधकाने इतक्या बायकांची आयुष्यं वाढवली.

विचारतेय_मी

डॉक, माझी टॅमॉक्सिफेनची पाच वर्षं दिवाळीत संपतात. एका डॉक्टरांनी दहा सांगितली, दुसरे म्हणाले पुरे. कुणाचं ऐकू? आणि सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांना हे सुरू करायचं म्हणतायत, त्यांना या वयात का त्रास?

डॉक_मुलुंड

दहा वर्षांचा मोठा पुरावा अ‍ॅटलास चाचणीचा, २०१२. पाचव्या ते चौदाव्या वर्षांदरम्यान रोग उलटण्याचं प्रमाण पाचलाच थांबलेल्यांत २५.१ टक्के, दहापर्यंत घेतलेल्यांत २१.४. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू १५ विरुद्ध १२.२. दुसऱ्या पारड्यात गर्भाशयाचा कर्करोग: १.६ विरुद्ध ३.१ टक्के, आणि त्याने मृत्यू ०.२ विरुद्ध ०.४. आता तुमची गाठ लहान आणि काख स्वच्छ होती की काखेत रोग होता, यावर हे पारडं झुकतं. गर्भाशय आधीच काढलेलं असेल तर हिशोब आणखी बदलतो. मध्यंतरी पाळी गेली असेल तर पुढची वर्षं लेट्रोझोलवर जाण्याचाही पर्याय आहे. दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात, फाईल घेऊन हाच प्रश्न विचारा.

सासूबाईंच्या बाबतीत मला सरसकट "वय झालं" म्हणणं पटत नाही. ७८ वर्षांची बाई स्वतः चालतीफिरती असेल तर गोळी हाच त्यांच्यासाठी सगळ्यात सोपा उपचार. मात्र हाडं ठिसूळ असतील, आधी गुठळी झाली असेल तर औषध त्याप्रमाणे निवडायचं.

कृष्णाकाठ

आमच्या वहिनींचा रोग आठव्या वर्षी कमरेच्या हाडात उलटला. त्यांनी गोळी तिसऱ्या वर्षी सोडली होती. सोडली नसती तर उलटला नसता असं म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण वर्षानुवर्षं त्यांना रोज कुणी विचारलंही नाही, "वहिनी, गोळी घेतलीत का?" दादाने नाही, मुलांनी नाही, मीही नाही. घराने बाईची गोळी ही बाईची जबाबदारी मानली. मोगरा पाकीट उघडून बघते, हे वाचून मला भरून आलं.

आता वहिनींना फुल्वेस्ट्रंटची (इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच नष्ट करणारं औषध) इंजेक्शनं, दोन्ही कुल्ल्यांत, आणि सोबत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणाऱ्या पाल्बोसिक्लिबच्या गोळ्या. पाल्बोसिक्लिबचं पेटंट इथे २०२३ च्या सुरुवातीला संपलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत खूप उतरली, नाहीतर आम्हाला शक्यच नव्हतं. तीन आठवडे गोळ्या, एक आठवडा सुट्टी, दर वेळी रक्त तपासून पांढऱ्या पेशी पाहतात. वहिनी स्वयंपाक करतात, सिद्धिविनायकाला जाऊन येतात. उलटलेला रोग म्हणजे सगळं संपलं असंही नाही, तेही लिहायला हवं.

लालबागची_सून

मोगराची मामेबहीण ती मीच. दीदीने लिंक पाठवली. मला एकच विचारायचंय, कारण ते विचारायला ओठ उघडत नाहीत. आम्हाला एक मूल हवं होतं. आता ४१. पाच वर्षं गोळी म्हणजे विषय संपला का?

डॉक_मुलुंड

लगेच "संपला" म्हणून मोकळं होऊ नका. २०२३ मध्ये पॉझिटिव्ह नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. ४२ किंवा त्याहून कमी वयाच्या बायकांनी दीड ते अडीच वर्षं हार्मोन उपचार घेऊन मग जास्तीत जास्त दोन वर्षं मूल होण्यासाठी थांबवले, नंतर पुन्हा सुरू केले. पहिल्या काही वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण हा रोग उशिरा उलटतो, म्हणून अजून पुढे पाहावं लागेल. तुमचा रोग किती पुढे होता आणि अंडाशयात किती अंडी उरलीत, दोन्ही पाहून ठरेल. गोळी स्वतःहून थांबवू नका, ती शरीरातून जायलाही काही महिने लागतात. ऑन्कॉलॉजिस्ट आणि वंध्यत्वतज्ज्ञ दोघांना एकदम भेटा, आणि लवकर भेटा. वय महत्त्वाचं आहे.

मोगरा_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. या वेळी मी आईबरोबर आत गेले. आधी चिठ्ठी लिहिली होती: बोटं, मनगट, गुडघे, किती वाजता, गोळ्या किती चुकल्या. चुकलेल्या गोळ्यांचं आईने स्वतःच सांगितलं, हळू आवाजात. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "आधी सांगायला हवं होतंत, आपण बदललं असतं." काही आठवडे गोळी थांबवून दुखणं उतरतं का पाहायचं, मग एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम जेवणानंतर. एकीने त्रास झाला म्हणजे तिन्हींनी होतोच असं नाही म्हणे. नाहीच जमलं तर टॅमॉक्सिफेन आहेच.

ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये कमरेचा टी-स्कोअर उणे २.३, म्हणजे हाडं विरळ होऊ लागलीत. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि दर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं (हाडांची झीज थांबवणारं औषध) सलाईन सांगितलंय. हाडांना बळ येतं आणि पाळी गेलेल्यांत रोग हाडात उलटण्याचं प्रमाणही कमी होतं असं समजावलं. मावशी सोबत होती, तिने सगळं ऐकलं. घरी आल्यावर तिनेच गोळीची डबी, वारांची नावं असलेली, आणून दिली.

आता अडचण एकच. आईची एक दाढ किडलीय, ती काढायची की आधी सलाईन घ्यायचं?

डॉक_मुलुंड

आधी दाढ. झोलेड्रोनिक चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही आणि ते प्रकरण फार चिघळतं. डेंटिस्टना औषधाचं नाव लिहून द्या, बाकीचे दातही एकदाच तपासून घ्या. दाढ काढल्यावर हिरडी पूर्ण भरली आहे हे त्यांच्याकडून लिहून आणा, मग सलाईनची तारीख घ्या. साधारण सहा-आठ आठवडे धरा. सलाईनआधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि कॅल्शियम तपासतात, आणि पहिल्या वेळी दोन दिवस कणकण, अंगदुखी होऊ शकते, त्याला पॅरासिटामॉल पुरतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तोवर चालूच ठेवा, आणि एक्झेमेस्टेन डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच सुरू करा, त्याला दाढेची आडकाठी नाही.